ट्वीड डिलक्सचा लिबलिबीत बेस घट्ट कसा करायचा: नॉबपासून सोल्डरिंगपर्यंत

फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५५ ते १९६० च्या काळात बनवलेला ट्वीड डिलक्स हा गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे ज्याच्या सर्किटला ५ई३ म्हणतात तो, आणि आज त्याच सर्किटवर बनणारे असंख्य क्लोन आणि किट, या सगळ्यांचं रडगाणं एकच. व्हॉल्यूम तीन-चारवर असेपर्यंत ॲम्प गुणी बाळासारखा वाजतो, आणि सहा-सातच्या पुढे नेला की खालच्या ई तारेचा पार लगदा. वरच्या तारा मस्त गुरगुरतायत आणि खाली नुसतं भद्द भद्द. हंबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा पिकअप) असलेली गिटार लावली तर विचारूच नका.

यावर लोक पहिल्यांदा काय करतात तर टोन नॉब फिरवतात. पण ५ई३ मध्ये बेसचा नॉबच नाहीये राव! दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बस. तो टोनही मुख्यतः ट्रेबल कमीजास्त करतो, खालच्या बाजूला त्याचा फारसा संबंध नाही. म्हणजे बेस सांभाळायचा असेल तर दुसरीकडे हात घालावा लागतो, आणि कुठे घालायचा हे ठरवायला एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे: बेस कमी करायचा तो डिस्टॉर्शनच्या आधी, आणि भरायचा तो डिस्टॉर्शनच्या नंतर, म्हणजे स्पीकरपाशी. जाडजूड बेस आधीच ट्यूबमध्ये ढकलला तर तोच सगळी जागा खातो, त्याच्यावर बसलेले मिड आणि ट्रेबल त्याच्याबरोबर चिरडले जातात. तोच बेस आधी थोडा छाटला आणि स्पीकर चांगला असला तर आवाज उलट मोठा आणि भरीव वाटतो. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

आधी रोग ओळखा

लूपर पेडल असेल तर त्यात खालच्या ई आणि ए तारेवरचा एखादा रिफ रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक बदलानंतर तोच लूप वाजवायचा, नाहीतर आपला हातच नकळत ॲडजस्ट होतो आणि फरक पडला की नाही हे कळतच नाही. फोन ॲम्पपासून एका ठरावीक जागी ठेवून रेकॉर्डिंगही करा.

आता व्हॉल्यूम तीनवर ऐका, मग आठवर (या ॲम्पचे आकडे बारापर्यंत जातात). तीनवर पण घुमतोय? मग दोष खोलीचा, स्पीकरचा किंवा पिकअपचा. तीनवर स्वच्छ आणि आठवरच बिघडतो? मग सर्किटमध्ये बेस जास्त होतोय. आठवर जोरात तार मारल्यावर आवाज क्षणभर गुदमरतो आणि मग परत उसळून वर येतो, असं होत असेल तर ते ब्लॉकिंग, त्याचं बघू पुढे. आणि सूर वाजवताना त्याच्याखाली एक भलताच बेसुरा सूर सरकताना ऐकू येत असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. पॉवर सप्लायमधला रिपल (आपल्याकडे ५० हर्ट्झची लाईन, म्हणून १०० हर्ट्झ, अमेरिकेत १२०) तुमच्या सुरात मिसळून तो भुताचा सूर तयार होतो. असं असेल तर बाकी काही करू नका, आधी फिल्टर कपॅसिटर बदला.

फुकटात होणारी कामं

ॲम्प कोपऱ्यात जमिनीवर असेल तर तिथून उचला. जमीन आणि दोन भिंती मिळून बेस चांगलाच फुगवतात. खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या. या ॲम्पची पाठ बरीचशी उघडी असते, त्यामुळे मागून निघणारा आवाजही भिंतीवर आपटून पुढे येतो आणि अंतर बदललं की बेस बदलतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात.

मग पिकअप. नेक पिकअपची जाड तारांकडची बाजू स्क्रूने थोडी खाली घ्या, एकेक फेरा करत आणि मध्ये मध्ये ऐकत. हंबकरवाल्यांना याने बराच आराम पडतो. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून आठवर आणला तरी हा ॲम्प लगेच मोकळा होतो, तो त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

दोन व्हॉल्यूमचा खेळही समजून घ्या. या सर्किटमध्ये व्हॉल्यूमचे पॉट (नॉबमागचे बदलते रेझिस्टर) उलटे जोडलेत, सिग्नल मधल्या पायावर येतो आणि दोन्ही पॉटची वरची टोकं एकत्र होऊन पुढच्या ट्यूबला जातात. त्यामुळे ज्या चॅनलमध्ये काहीच लावलेलं नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी तुमच्या चॅनलचा आवाज आणि गेन बदलतो. नील यंगच्या ट्वीड डिलक्सवर तर चक्क मोटरने नॉब ठरावीक जागी फिरवणारं यंत्र बसवलेलं आहे, इतका या नॉबांच्या जागांचा फरक पडतो. मोकळा व्हॉल्यूम हळूहळू वर नेत ऐका आणि जिथे तुम्हाला बरं वाटेल तिथे सोडा.

पेडल वापरत असाल तर ट्यूब स्क्रीमर जातीचं एखादं ओव्हरड्राईव्ह पेडल, ड्राईव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवून लावून बघा. त्याच्या गेनच्या भागात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, त्यामुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली त्याचा गेन उतरत जातो. म्हणजे ॲम्पच्या आधीच बेस छाटला गेला. भले भले लोक वर्षानुवर्षं एवढंच करून खूश आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

ट्यूब आणि स्पीकर

पहिल्या सॉकेटमध्ये १२एवाय७ आहे ना ते बघा. मूळ सर्किटमध्ये तीच आहे, पण खूप क्लोनमध्ये १२एएक्स७ लावून देतात कारण गेन जास्त मिळतो. गेन जास्त म्हणजे चिखलही लवकर. १२एवाय७ लावली की अर्धी तक्रार तिथेच मिटते. ट्यूब बदलताना ॲम्प बंद करून गार होऊ द्या, एवढंच.

रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) ५वाय३ काढून जीझेड३४ लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. बेस घट्ट होतो हे खरं, कारण व्होल्टेज कमी ढासळतं. पण त्याच वेळी एकूण व्होल्टेज वाढतं आणि ६व्ही६ (शेवटच्या पॉवर ट्यूब) आणि बाकीच्या कपॅसिटरवर ताण येतो. प्लेट व्होल्टेज आणि बायस मोजता येत नसेल तर हा सल्ला मी कोणालाच देणार नाही.

स्पीकरचा फरक मात्र कुठल्याही कपॅसिटरपेक्षा मोठा. मूळ ॲम्पमध्ये जेन्सनचा १२ इंची पी१२आर असायचा, छोट्या मॅग्नेटचा, कमी पॉवरचा, आणि खाली जोर दिला की तो स्वतःच लडबडतो. मोठ्या मॅग्नेटचा, जास्त वॉटचा ८ ओहमचा स्पीकर लावला की तेच सर्किट एकदम सावरून बसतं. खरेदी करण्याआधी मित्राचं एखादं ८ ओहमचं १२ इंची कॅबिनेट जोडून ऐका. निर्णय तिथेच होतो. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आता झाकण उघडायचं

एक स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे खरोखरचा पन्नासच्या दशकातला फेंडर असेल तर इथून पुढचं त्याच्यावर करू नका, त्याचे सोल्डरचे मूळ डाग आणि मूळ कपॅसिटर यांचीच किंमत असते. हे क्लोन आणि किटवाल्यांसाठी.

आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी फिरतोय आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये बसून राहतो. जीव जाऊ शकतो, यात अतिशयोक्ती नाही. म्हणून: प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. २२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड क्लिपची वायर लावा, एक टोक चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरं पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला. १६ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर असतात, त्यातले मागचे दोन मधल्या रेझिस्टरमधून रिकामे होतात, म्हणून निवांत अर्धा मिनिट तरी थांबा. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तिन्ही कपॅसिटर तपासा. दोन-चार व्होल्टच्या खाली आले की हात घाला, नाहीतर परत रेझिस्टर लावा. मोजताना एक हात खिशात. आणि क्लिप चालू ॲम्पमध्ये इकडून तिकडे हलवायच्या नाहीत, प्रत्येक वेळी बंद, रिकामा, बदल, चालू. कंटाळा येतो, येऊ दे.

कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आरामात मिळतात, फक्त दुकानदाराला ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर असं ठणकावून सांगा, नाहीतर तो शंभर व्होल्टचा हातात ठेवतो. कोड लक्षात ठेवा: ०.१ म्हणजे १०४, ०.०२२ म्हणजे २२३, ०.०१ म्हणजे १०३, ०.००४७ म्हणजे ४७२. कॅथोडला (ट्यूबचा इलेक्ट्रॉन सोडणारा पाय) मात्र जेमतेम दोन-चार व्होल्ट असतात, तिथे २५ किंवा ६३ व्होल्टचा चालतो, इलेक्ट्रोलिटिक असेल तर मायनस चॅसीकडे.

हिशोबाला एक सोपी युक्ती: १५९ ला किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा, कुठल्या हर्ट्झपाशी बेस उतरायला लागतो तो आकडा मिळतो. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झची, तिच्याशी तुलना करायची.

पहिला बदल: दुसऱ्या ट्यूबचा कॅथोड

दुसऱ्या सॉकेटमधल्या १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाच्या कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यावर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. हा कपॅसिटर आहे म्हणून त्या स्टेजला जवळजवळ ६ डेसिबल जास्त गेन मिळतो, आणि २५ इतका मोठा असल्यामुळे तो गेन पार खालपर्यंत, गिटारच्या कितीतरी खाली मिळत राहतो. हा लहान केला की वरचा गेन तसाच राहतो आणि खालचा तेवढा उतरतो. नेमकं आपल्याला हवं ते.

किती लहान? इथे नुसता १.५ किलोओहम धरून हिशोब केला तर चुकतो, कारण ट्यूब स्वतः कॅथोडकडून साधारण १.६ किलोओहमची दिसते, दोन्ही समांतर धरले तर पावणेआठशे ओहमच्या आसपास येतं. त्या हिशोबाने ४.७ मायक्रोफॅरड लावला तर खालच्या ई वर एक डेसिबलचाही फरक पडत नाही, तरी लोक "४.७ लावला, केवढा फरक पडला" म्हणून सांगत फिरतात. २.२ लावला तर दोन डेसिबलच्या थोडं वर उतरतं, हे कानाला जाणवतं. १ मायक्रोफॅरडला चारच्या वर, आणि ०.६८ ला साधारण पाच. मार्शलच्या जुन्या लीड ॲम्पमध्ये ०.६८ हाच आकडा सापडतो, तिथे रेझिस्टर २.७ किलोओहमचा असतो.

माझं मत विचाराल तर सिंगल कॉइलला २.२ आणि हंबकरला १. ०.६८ ला टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप जरा किरकिरा होतो. आणि कपॅसिटर पूर्ण काढून टाकू नका, तसं केलं तर फक्त बेस नाही, सगळाच गेन खाली येतो.

दोन्ही हवं असेल तर मिनी टॉगल स्विच लावा. १ मायक्रोफॅरड कायमचा, आणि स्विचने २५ त्याच्या जोडीला. स्विचवर आडवा १ मेगाओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर दर वेळी स्पीकरमधून फट्ट आवाज येतो.

पहिल्या ट्यूबच्या कॅथोडलाही (८२० ओहम, २५ मायक्रोफॅरड) हेच करता येतं, पण तो दोन्ही चॅनलला सामायिक आहे आणि १२एवाय७ मुळे तिथे मिळणारा फरक दुसऱ्या ट्यूबपेक्षा कमीच. आधी दुसऱ्या ट्यूबचं करून ऐका, बहुतेक वेळा इथे यायची गरजच पडत नाही.

दुसरा बदल: ६व्ही६ च्या दारातले कपॅसिटर

जोरात वाजवल्यावर गुदमरण्याचा जो प्रकार वर सांगितला, त्याचा उपाय इथे. फेज इन्व्हर्टरकडून (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणारा भाग) दोन्ही ६व्ही६ कडे ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर जातात आणि ग्रिडला (ट्यूबचा सिग्नल घेणारा पाय) २२० किलोओहमचे रेझिस्टर असतात. बेसची मोठी लाट आली की ६व्ही६ चा ग्रिड कॅथोडच्या वर जातो, त्यातून करंट वाहतो, आणि कपॅसिटर उलट दिशेने चार्ज होऊन बसतो. लाट गेली तरी तो चार्ज लगेच जात नाही, तोवर ट्यूब अर्धवट बंद पडलेली असते. हेच ते गुदमरणं. ०.१ आणि २२० किलोओहम म्हणजे २२ मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, ०.०२२ केला की पाचच्याही खाली. बेसचा हिशोब केला तर ७ हर्ट्झवरून ३३ हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या सुरांना धक्काही लागत नाही, पण ॲम्प एकदम चपळ होतो. दोन्ही कपॅसिटर एकाच व्हॅल्यूचे पाहिजेत, एक बदलून एक तसाच ठेवायचा नाही. ०.०१ पर्यंत गेलात तर ७२ हर्ट्झ, तिथून मात्र ई तारेचा ठोसा कमी व्हायला लागतो.

मूळ सर्किटमध्ये ६व्ही६ ला ग्रिड स्टॉपर, म्हणजे ग्रिडच्या वाटेतले रेझिस्टर, नाहीत. हात घातलाच आहे तर ५.६ किलोओहमचे दोन रेझिस्टर थेट सॉकेटच्या पायाजवळ टाकून घ्या, थोडी मदत होते.

जिथे सांभाळून जायचं, आणि जिथे जायचंच नाही

पहिल्या ट्यूबनंतरचे ०.१ चे कपॅसिटर लहान करा असंही सर्रास सांगितलं जातं. इतर ॲम्पमध्ये ठीक, पण इथे पॉट उलटे जोडलेत हे आठवतंय ना? कपॅसिटर पॉटच्या मधल्या पायावर येतो, म्हणजे व्हॉल्यूम कमी केला की त्याला दिसणारा रेझिस्टन्सही कमी होतो. व्हॉल्यूम फुल्ल असताना दोन्ही पॉट मिळून ५०० किलोओहम, तिथे ०.००४७ लावला तर ६८ हर्ट्झ, छान. पण व्हॉल्यूम इतका खाली आणला की ५० किलोओहमच उरले, तर तोच कपॅसिटर पावणेसातशे हर्ट्झपासून कापायला लागतो आणि ॲम्प पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हणून इथे ०.०२२ वर थांबा. तेवढ्यानेही हंबकरला कमी व्हॉल्यूमवर बरीच सफाई येते.

आणि दुसऱ्या ट्यूबच्या दोन अर्ध्या भागांमधला ०.०२ चा कपॅसिटर? त्याला बेससाठी हात लावू नका. पुढच्या कॅथोडाइनचा (म्हणजे त्याच फेज इन्व्हर्टरचा) १ मेगाओहमचा रेझिस्टर जमिनीला न जाता कॅथोडच्या वाटेत मध्येच जोडलेला असतो, त्यामुळे तो सिग्नलला दहा-पंधरा मेगाओहमसारखा दिसतो. ०.००१ लावलात तरी कटऑफ १०-१५ हर्ट्झच्या आसपासच राहतो. फुकट सोल्डर जाळायचा.

फिल्टर कपॅसिटरचं थोडक्यात: दुसरा आणि तिसरा १६ वरून २२ किंवा ३३ केलेत तर बेस जरा टणक होतो. पहिल्याला २२ च्या वर नेऊ नका, ५वाय३ ला चालू होताना मोठ्या कपॅसिटरचा धक्का सोसत नाही. व्होल्टेज रेटिंग ४५० च्या खाली नको, ५०० मिळाला तर उत्तम.

चालू करताना

बदल झाल्यावर ॲम्प थेट लाईनला लावायचा नाही. इलेक्ट्रिशियन लोकांकडे असतो तसला सिरीज लॅम्प वापरा, ६० वॉटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही. बल्ब सुरुवातीला पेटून मंद झाला तर ठीक, ढणढणीत पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, त्यामुळे पहिल्या तासाभरात मधून मधून हात लावून बघा.

एका वेळी एकच बदल, मग तोच लूप, त्याच जागी फोन. काढलेला प्रत्येक कपॅसिटर छोट्या पिशवीत घालून त्यावर कुठला ते लिहून ठेवा, विकायच्या वेळी घेणारा विचारतोच.

आणि उलटी तक्रार असेल तर

बेस कमीच पडतोय अशी तक्रार बहुतेक चॅम्पवाल्यांची असते, म्हणजे ५एफ१ सर्किटवाला एका ६व्ही६ चा छोटा ॲम्प. त्यात कपॅसिटर मोठे करून काही मिळत नाही. तिथे ८ इंची स्पीकर आणि इवलासा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे, जास्त बेस पाठवला तर ट्रान्सफॉर्मरचा कोअर आधी हात टेकतो. त्याचा आउटपुट मूळ स्पीकरच्या ओहमशी जुळणाऱ्या १२ इंची कॅबिनेटला जोडा, एवढाच इलाज, आणि चॅम्प चक्क मोठ्या ॲम्पसारखा वाजायला लागतो. डिलक्स रिव्हर्बवाल्यांना तर बेसचा नॉबच दिलाय, तिथे टोन सर्किट पहिल्या स्टेजच्या लगेच मागे येतं, म्हणून व्हॉल्यूम सहाच्या वर नेताना बेस दोन-तीनवर आणा. कमी आवाजात तो सहावर ठेवायची सवय असते आणि गिगला गेल्यावर तसाच राहतो.